थंडीत बसलेला गॅस

शेगडी पुन्हा विझली. निळी ज्योत अंगठ्याएवढी वर आली, पिवळी पडली आणि गेली. गुरुनाथ वाकून बर्नरकडे बघत राहिले.

"संपला असेल," मी रजईतूनच म्हणाले.

"संपला कसा? उचलून बघ, अर्ध्याच्या वर आहे."

"मग पेटत का नाही?"

"थंडीनं बसलाय. आपल्या सिलिंडरमध्ये दोन गॅस असतात. प्रोपेन असतो तो कितीही थंडी असली तरी उडतो. ब्युटेन बसून राहतो. प्रोपेन आधी जळून गेला, आता खाली उरलाय तो बहुतेक ब्युटेन. ऊन लागल्याशिवाय तो हलायचा नाही."

हे सगळं मी आधीही ऐकलं होतं. हिमाचलातल्या स्पितीत शिरल्यापासून रोज सकाळी थोडंफार असंच व्हायचं. पण त्या दिवशी पाण्याच्या कॅनवर बर्फाची साय धरली होती, गाडीच्या खिडकीच्या काचेवर आतून दव गोठलं होतं, आणि मला फक्त चहा हवा होता. प्रोपेन की ब्युटेन याच्याशी मला काही कर्तव्य नव्हतं.

"डिझेलही बसलं असेल," ते म्हणाले. "इंजिन बघून येतो."

दार सरकवून ते खाली उतरले. थंडीचा झोत आत आला. मी रजई डोक्यावर घेतली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ह्यांचं नाव गुरुनाथ कलशेट्टी. तोंडावर मी 'अहो' म्हणते, पण इथे नावानंच लिहिते, नाहीतर कोण काय बोललं त्याचा गोंधळ होईल. त्यांची सगळी नोकरी सोलापूरजवळच्या एका साखर कारखान्यात, बॉयलरवर झाली. मी टेलिफोन ऑफिसात होते. सुरुवातीला ट्रंक कॉल जोडायचे, नंतर तक्रारी घ्यायच्या टेबलावर बसले. मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली. माझी निवृत्ती जवळ आली होती आणि यांची लांब होती, तेव्हा एक दिवस गुरुनाथ कारखान्यातून आले आणि म्हणाले, "राजीनामा दिला. कंटाळा आला."

मला ते पटलं नव्हतं. बॉयलरला कंटाळणारा हा माणूस नव्हे. पण ते खोदून विचारलं की गप्प बसायचे, आणि त्या दिवसांत जरा जास्तच गप्प असायचे. मग त्यांनी एक वापरलेली ट्रॅव्हलर घेतली आणि अंगणात तिच्यातल्या सीटा उपटून काढल्या. पलंग केला, ओटा केला, ओट्याखाली पाण्याची टाकी बसवली. मागच्या बाजूला सिलिंडरसाठी बाहेरून उघडणारी पत्र्याची पेटी केली. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून ओट्याखालच्या फळीला मुठीएवढं भोक पाडून त्याला जाळी लावली. शेजारचे लोक बघायला यायचे, आणि गुरुनाथ प्रत्येकाला ते भोक आवर्जून दाखवायचे. बाकी गाडी दाखवायचे नाहीत, भोक दाखवायचे.

"एकदा हिमालय बघून येऊ," ते मला म्हणाले. "मग तू म्हणशील तिथं राहू."

मी निवृत्त झाले आणि श्रावण संपता संपता आम्ही निघालो. दसरा रस्त्यातच झाला.

पहिले काही दिवस मला मजा वाटली. नंतर कंबर बोलायला लागली. रोज पलंग उलगडायचा, रोज घडी करायचा. भांडं एकच, ते धुवायचं पाणी मोजकं. कपडे कधी नीट वाळले नाहीत. पाय सोडून बसायला जागा म्हणजे दाराची पायरी. आणि सगळ्यात जास्त कटकट गॅसची. डाळ रात्रभर भिजवलीच पाहिजे. कुकरची एक शिट्टी झाली की शेगडी बंद करायची आणि कुकर रजईत गुंडाळून ठेवायचा, आतल्या वाफेवर शिजतो म्हणून. दोनदा चहा करायचा नाही, एकदाच करून थर्मासमध्ये भरायचा. मी फोडणी करत असले की ते पलंगावर बसून शेगडीकडे बघत असायचे. नजर माझ्यावर नाही, ज्योतीवर.

"एवढं काय बघताय?" मी एकदा विचारलं होतं.

"मोठी ठेवतेस."

"तेल तापायला नको?"

"तापतं बारीकवर."

पूर्वी ते असे नव्हते. मुलीच्या लग्नाला आलेले आचारीसुद्धा आमच्या घरी आमटी करताना दबकून असायचे, कारण गुरुनाथ अंगणातून सांगायचे, काळा मसाला जरा जास्त परतला गेलाय. त्यांच्या नाकाचं कारखान्यात नाव होतं. रस कुठल्या कढईत लागायला आलाय ते त्यांना जिन्यावरून कळायचं. आणि आता मी विचारायचे, आमटी कशी झालीय, तर म्हणायचे, "आहे की." एकदा लसूण पार कोळसा झाला, तरी मुकाट्यानं जेवले. मला वाटलं, यांना माझ्या हातच्या जेवणाचं आता काही उरलेलं नाही. गाडी चालवायची, डोंगर बघायचे, गॅस वाचवायचा, एवढंच. बाई बरोबर आहे ती डब्याची सोय म्हणून.

शेगडी विझली त्याच्या आदल्या संध्याकाळी आमचं वाजलं होतं. मोठं भांडण नाही. इतकी दमले होते की भांडायलाही जोर नव्हता.

"मला घरी जायचंय," मी म्हणाले.

"अजून वरचं एक गाव राहिलंय."

"त्या गावात काय आहे?"

"माहीत नाही," म्हणाले. "म्हणूनच जायचंय."

मग ते बाहेर गेले, चाकांना दगड लावले, आणि आत येऊन ओट्याखाली काहीतरी करत बसले. मी विचारलं नाही. पाठ करून झोपले.

तर त्या सकाळी मी थोड्या वेळानं उठले. बाहेर गुरुनाथ बॉनेट उघडून उभे होते. आमची गाडी गावाच्या खालच्या अंगाला, कापणी झालेल्या वाटाण्याच्या शेताकडेला होती. शेत होतं डोल्कर नावाच्या बाईचं. माझ्याहून थोडी लहान असेल, पण उन्हानं चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या की वय सांगता येऊ नये. तिचं घर चढावर होतं. गावात तेव्हा माणसं कमीच दिसत होती, बरीचशी थंडीसाठी खाली गेलेली.

"डिझेल गोठलंय," गुरुनाथ म्हणाले. "मेणासारखं झालंय. डोल्करकडून घमेलंभर निखारे आण. टाकीखाली ठेवले की सुटेल. इथं सगळे तसंच करतात."

"टाकीखाली निखारे?"

"डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही. आण तू."

मी शाल गुंडाळून चढ चढायला लागले. चार पावलं टाकली की दम लागायचा. मागे बघितलं तर ते बॉनेटमध्ये हात घालून उभे होते. उजवा हात अंगाला चिकटलेला, डावा आत. कितीतरी दिवस मी बघत होते, चालताना त्यांचा एक हात हलायचाच नाही. मला वाटायचं थंडीनं आखडलाय.

डोल्करनं चुलीजवळ बसवलं. चूल म्हणजे लोखंडी पेटी, मधोमध ठेवलेली, तिच्यात गोवऱ्या जळत होत्या. खोलीत धूर होता, तुपाचा आणि मेंढीच्या लोकरीचा वास होता, आणि ऊब होती. तिनं मिठाचा चहा दिला. मी दोन्ही हातांत पेला धरून बसले आणि मला रडू आलं. कशाचं म्हणून सांगता येणार नाही. ऊब लागली म्हणूनही असेल.

डोल्करनं माझा पेला पुन्हा भरला. थोड्या वेळानं मोडक्या हिंदीत म्हणाली, "दीदी, आता वर जाऊ नका. बर्फ येणार."

"मी नाही म्हणतेय. ते म्हणतायत."

"तुम्ही गाडी चालवत नाही?"

"लहान गाडी चालवते. सोलापुरात. ही नाही."

"का?"

मी कधी मागितली नव्हती आणि त्यांनी कधी दिली नव्हती.

उजाडून बराच वेळ झाला होता, पण ऊन डोंगराआड होतं. आम्ही बसलो होतो तेवढ्यात ते माथ्यावरून खाली उतरलं आणि खिडकीत आलं. डोल्करनं चिमट्यानं निखारे पसरट घमेल्यात भरले, दोन कडांना फडकी धरून ते उचललं आणि आम्ही दोघी उतरायला लागलो. सगळं शेत उन्हात होतं. गाडीची मागची बाजू, जिथं सिलिंडरची पेटी होती, ती लखलखत होती. बॉनेट बंद होतं. गुरुनाथ बाहेर दिसत नव्हते.

गाडी थोडी दूर असतानाच मला वास आला.

आधी मनात आलं, कुठे काही मेलंय का. सडक्या कांद्यासारखा, कोबीसारखा. मग कळलं. वारा खालून आमच्याकडे येत होता. मी डोल्करचा दंड धरला.

"थांब. हे मागे ने. लांब ने."

तिनं नाक वर केलं, वळली आणि घमेलं घेऊन जवळजवळ पळत चढ चढली.

मी दाराशी गेले. सरकतं दार अर्धवट उघडं होतं. आत गुरुनाथ ओट्यासमोर माझ्याकडे पाठ करून उभे होते. ओट्यावर चहाचं भांडं ठेवलेलं. शेगडीचं बटण सकाळी आम्ही सोडलं होतं तसंच, पूर्ण उघडं. आणि त्यांच्या हातात काडेपेटी होती.

ते काडी ओढत होते. पेटीवर घासत होते, पण काडी नुसती घसरत होती. एक मोडली. ती त्यांनी खाली टाकली आणि दुसरी काढली.

माझ्या तोंडून किंकाळी निघाली नाही ती नोकरीमुळे. टेलिफोन बोर्डावर असताना अपघाताचे, आगीचे, मरणाचे कॉल यायचे. पलीकडचा माणूस ओरडत असेल तर आपण आवाज खाली आणायचा, हे अंगात मुरलं होतं. मी ओरडले असते तर ते दचकले असते, आणि दचकलेल्या हाताचा जोर वेगळा असतो.

"अहो," मी म्हणाले, "जरा बाहेर या."

"आलीस? थांब, चहा टाकतो. ऊन आलंय, आता पेटेल."

"चहा नंतर. आधी या. डोल्करला घमेलं उचलत नाहीये."

"एक काडी पेटू दे. काड्या दमट झाल्यात सगळ्या."

"मग राहू द्या ना. ती तिकडे उभी आहे ताटकळत. काडेपेटी ठेवा ओट्यावर आणि या."

ते क्षणभर थांबले. काडी पेटीच्या कडेला टेकलेलीच होती. मी दाराच्या चौकटीला हात लावून उभी होते, आणि आतून तो वास असा येत होता की डोळे चुरचुरत होते. या माणसाला काहीच कसं जाणवत नाही, हे मला समजत नव्हतं. कान बॉयलरनं मंद झाले होते हे मला माहीत होतं. शेगडीची फुसफुस ऐकू आली नसेल. पण वास?

"बरं," ते म्हणाले, आणि काडेपेटी ठेवली.

त्यांना खाली उतरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. पायरीवर पाय ठेवताना अडखळले. मी हात धरून त्यांना ओढतच शेताच्या बांधापर्यंत नेलं.

"काय झालं? डोल्कर कुठंय?"

"गॅस गळतोय. आत सगळा भरलाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गाडीकडे. मी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर भीती बघितली, आणि ती गॅसची नव्हती. चोरी पकडल्यावर होते तशी होती.

"बटण राहिलं," ते हळू आवाजात म्हणाले. "सकाळी पेटला नाही, बटण तसंच राहिलं. ऊन लागलं, गॅस सुटला."

"मी बंद करून येते."

"थांब. आधी मागची पेटी. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद कर. मग दोन्ही दारं. आत गेलीस तर कुठलंही बटण दाबू नकोस, दिव्याचं नाही, पंख्याचं नाही. चप्पल घासू नकोस. आणि ओट्याखाली..." ते थांबले. "ओट्याखाली भोकात गोणपाट कोंबलंय. ते ओढ."

"भोकात? कोणी?"

"मी. काल. तुला थंडी वाजत होती."

मी गेले. पेटी उघडली, रेग्युलेटर फिरवला, मागची दारं उघडली. श्वास कोंडून आत शिरले, बटण फिरवलं आणि गुडघ्यावर बसून ते गोणपाट ओढून काढलं. घट्ट कोंबलं होतं, सगळ्या कडा आत दुमडून. ज्या माणसानं ते भोक गावभर दाखवलं होतं, त्यानं. खाली मोडलेल्या काड्या पडल्या होत्या, पायाशी सगळीकडे. ओट्यावरची काडेपेटी मी उचलली आणि बाहेर आले.

खालून येणारा वारा गाडीच्या आरपार वाहायला लागला. आम्ही बांधावर बसलो. डोल्कर वर तिच्या दारात उभी होती. मी हात हलवून सांगितलं, ठीक आहे. ती आत गेली.

बांध वाऱ्याच्या आडबाजूला होता, तिथं वास पोचत नव्हता. मी काडेपेटी उघडली, एक काडी काढली आणि बांधाच्या पलीकडच्या बाजूला ओढली. पहिल्या फटक्यात पेटली.

गुरुनाथांनी ते बघितलं.

"दमट नाहीत," मी म्हणाले.

"नाहीत," ते म्हणाले. मग उजवा हात मांडीवर पालथा ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. "बोटांत जोर येत नाही. शर्टाची बटणंही उशिरा लागतात."

"आणि वास?"

त्यांनी कानटोपी कपाळावर ओढली.

"अहो, मला चढावर वास आला. डोल्करला आला. तुम्ही त्याच्या मधोमध उभे होतात."

"मला वास येत नाही, महानंदा."

"सर्दी आहे?"

"नाही. कुठलाच येत नाही. कारखाना सोडायच्या आधीपासून."

मी हातातली विझलेली काडी मातीत खोचली.

"आधी वाटलं सर्दीच आहे," ते सांगायला लागले. एकेक वाक्य उचलून खाली ठेवावं तसं. "मग एका हंगामात बॉयलरच्या मागं केबल जळत होती. मी तिथंच उभा होतो, तोंडात पान, गप्पा मारत. धूर नव्हता अजून, नुसता वास होता. नवीन लागलेला एक जण जिन्यावरून ओरडत आला, साहेब, काय जळतंय. मला काहीच नव्हतं येत. सगळ्यांनी वेळेवर बंद केलं, काही झालं नाही. कोणाला कळलंही नाही. पण मला कळलं. बॉयलरवर नाक नसलेला माणूस काय कामाचा? दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तू आमटी करून विचारायचीस, कशी झालीय. मला गरम कळतं, खारट कळतं, तिखट लागतं. बाकी काही नाही. खोटं सांगायचं म्हणजे रोज सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगितलं असतं तर तू रोज विचारलं असतंस, आज येतोय का."

मी तसंच विचारलं असतं.

"म्हणून ज्योतीकडे बघत बसत होतात?" मी म्हणाले.

"डोळ्यानं सांभाळत होतो. नाकानं जमत नाही म्हटल्यावर. शेगडी जितकी कमी चालेल तितकी माझी धास्ती कमी. आज इंजिनाच्या नादात विसरलो. विसरायलाही व्हायला लागलंय थोडं. वडिलांचं असंच झालं होतं शेवटी शेवटी. आधी एक हात, मग दोन्ही. मग बोलणं. तू त्यांना बघितलं नाहीस. आपल्या लग्नाआधीच गेले."

"डॉक्टरकडे गेला होतात?"

"नाही. डॉक्टरनं नाव सांगितलं असतं. मग तू मला इथं येऊ दिलं असतंस?"

समोर नदी होती, खूप खाली, राखाडी आणि बारीक. पलीकडे नुसता उघडा डोंगर, झाड नाही, झुडूप नाही. ज्यासाठी एवढं केलं ते हे. मी इतके दिवस त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. त्या दिवशीही मला ते सुंदर वगैरे वाटलं नाही. मी इतकी दमलेली होते की रागवायचंसुद्धा उद्यावर टाकलं.

"खाली जायचं," मी म्हणाले.

"हं."

"आजच."

"हं."

"किल्ली द्या."

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता नाही म्हणतील. हा रस्ता, ही गाडी, तुला झेपणार नाही. तसं काहीच म्हणाले नाहीत. उजव्या हातानं खिसा चाचपला, बोटं आत शिरेनात, मग डावा हात आडवा घालून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

गाडीतला वास जाऊन ती मोकळी व्हायला दुपार झाली. तोवर उन्हानंच डिझेल सुटलं, निखाऱ्यांची गरज पडली नाही. डोल्करनं भाजलेल्या सातूचं पीठ पिशवीत घालून दिलं. "हळू जा दीदी," एवढंच म्हणाली. तिला काय कळलं होतं आणि काय नाही, मी विचारलं नाही. पुढे तिची कधी गाठ पडली नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी नंतर त्या आजाराचं नाव सांगितलं. कंपवात. पार्किन्सन्स. वास जाणं हे बऱ्याचदा सगळ्यात आधी होतं, हात नंतर, असंही म्हणाले. मी त्यांना त्या काडेपेटीची गोष्ट सांगितली. ते लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, "म्हणजे नाक असतं तर काडी पेटवलीच नसती, आणि हात धड असते तर पेटली असती." मग पुन्हा लिहायला लागले. मी त्यांना म्हणाले, हो, असंच. गुरुनाथ शेजारच्या खुर्चीवर बसून खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत होते.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी ट्रॅव्हलरच्या स्टिअरिंगमागे बसले. सीट पुढे ओढली. क्लच इतका जड की सगळा पाय लावावा लागत होता. गुरुनाथ शेजारी बसले. पहिल्या वळणावर त्यांचा पाय आपोआप ब्रेक शोधत होता, फळीवर दाबत होता. पुढे त्यांनी पाय आखडून घेतले.

रस्ता एका गाडीपुरता. एका बाजूला उभा कडा, दुसरीकडे काही नाही. मी पहिल्या, दुसऱ्या गिअरमध्येच चालवत होते. तासभर असाच गेला, आणि मग एका वळणावर समोरून ट्रक आला. मालानं भरलेला, चढ चढणारा. त्याला मागे जाता येणार नव्हतं. ड्रायव्हरनं हात बाहेर काढून मला मागे जा अशी खूण केली. थोडं मागे रस्ता जरा रुंद होता, तिथपर्यंत.

"मी उतरतो," गुरुनाथ म्हणाले. "मागून सांगतो. तू आरशात बघ."

ते उतरून मागे गेले. मी आरशात बघितलं. ते दरीच्या बाजूला उभे होते, कानटोपी घातलेले, आणि त्यांनी उजवा हात वर केला. इतकी वर्षं मी तो हात बघत आले होते. अंगणात गाडी मागे घेताना तोच हात मला सांगायचा, ये, ये, बस. मी रिव्हर्स टाकला.

हात हलत होता. ये म्हणत होता की थांब म्हणत होता, मला कळेना. नीट बघितलं. तो दोन्हीपैकी काहीच म्हणत नव्हता. तो नुसता थरथरत होता, वर धरलेला, आणि गुरुनाथ त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि तसेच उभे राहिले.

मी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. समोरच्या ट्रकवाल्याला हातानं सांगितलं, थांब. खाली उतरून मागे चालत गेले. चाक आणि दरीची कड यांत किती जागा आहे ते बघितलं, कुठे दगड आहे, कुठे माती भुसभुशीत आहे, कुठवर जायचं. पायानं एक खडा सरकवून खूण केली. गुरुनाथ बाजूला उभे होते.

"तुम्ही कड्याच्या बाजूला या," मी म्हणाले. "भिंतीला टेकून उभे राहा."

"दिसेल तुला?"

"बघून आलेय."

ते सरकून कड्याला पाठ लावून उभे राहिले. मी परत येऊन बसले. खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि त्या खड्यावर नजर ठेवून गाडी मागे घ्यायला लागले. कोणी ये म्हणालं नाही, कोणी बस म्हणालं नाही. मागचं चाक खड्याला टेकलं तेव्हा थांबले. ट्रक घासल्यासारखा शेजारून गेला. ड्रायव्हरनं जाता जाता हात वर करून सलाम केला.

गुरुनाथ येऊन शेजारी बसले. पट्टा लावायला लागले. तो खाचेत बसेना. मी हात पुढे केला नाही. गाडी चालू ठेवून थांबले, तो लागेपर्यंत.